थांबणाऱ्या बारा बाया

माझी लेक माणसांच्या मेंदूचे फोटो काढायची. डॉक्टर होती, पण गोळ्या देणारी नाही, अभ्यास करून पदवी मिळवलेली. हे गावात समजावून सांगता सांगता माझी जीभ झिजली. कोणाचं डोकं दुखलं, कोणाला चक्कर आली, की तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. "ताई कधी येते वं मावशी? दाखवाचं होतं." घरात थोरली म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो, तेच गावानं उचललं. मी सांगायचे, बाबू, ती डोकं पाहते पण दुखणं नाही पाहत. आतून तिचे वडील ओरडायचे, "मंग पाहते काय तं? उवा?"

हसण्यावारी जायचं ते. पण खरं सांगते, ती काय पाहते हे मलाही पुरतं कळलं नव्हतं. अर्धं कळलं होतं, आणि त्या अर्ध्या कळण्यानंच घात केला.

मी शाळेत गेलेली नाही. आमचं गाव उंद्रीपासून दोन कोसांवर, माहेर त्याहून आत. लेक पहिलीत गेली तेव्हा ती चुलीपुढे पाटी घेऊन बसायची, आणि मी भाकरी थापता थापता तिच्या पाटीकडे पाहायचे. ती पाटीवर 'क' काढायची, मी परातीतल्या पिठात 'क' काढायचे. एकदा तिनं पकडलं. "माय, तू पन पहिलीत आहे का?" म्हटलं, हाव, तुह्या मागच्या बाकावर. ती दुसरीत गेली, मीही गेले. चौथीपर्यंत आम्ही बरोबर होतो. पुढे गणितानं तिला वर उचललं आणि मी वाचण्यातच रमले. बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती, वाण्याच्या पुड्यांचे कागद, जे हाती येईल ते वाचायचे. पोत्यावरची सूचना तर अशी चवीनं वाचायचे की तिचे वडील म्हणायचे, आता खत टाकू का पोथी संपू देऊ?

तर त्या वयात तिनं मला विचारलं होतं, "माय, तू मोठेपनी शिकली ना, मंग ते अक्षरं तुह्या डोक्यात बसले कुठं? जागा तं आधीच भरली असंन." मी म्हटलं, बसले असतील सरकून, एसटीत बसतात तसे, थोडं तू सरक, थोडं मी सरकते. ती हसली नाही. विचारात पडली. मला वाटलं लेकरू आहे, विसरेल. ती पंचवीस वर्षं विसरली नाही.

चिखलीला बारावी केली, बुलढाण्याच्या कॉलेजात फिजिक्स घेतलं, मग अमरावती, मग पार बेंगळुरू. तिथं सहा वर्षं एका मोठ्या चुंबकाच्या मशीनपाशी काढली. सुट्टीत आली की मी विचारायचे, काय करते तू तिथं दिवसभर, आणि ती मला माझ्या भाषेत सांगायची. तिची हीच गोष्ट मला फार आवडायची, मला कधी अडाणी समजून गप्प केलं नाही. म्हणाली, "माय, आपल्या अंगात पानी आहे. त्या पान्याच्या कनाकनात एक-एक बारीक चुंबक आहे. मोठ्या चुंबकात माणूस घातला की ते सगळे एका दिशेनं उभे राह्यतात, जसा गहू उभा असते. मंग आपन एक झुळूक सोडाची, रेडिओची. गहू आडवा होते. झुळूक थांबली की उठते. पन सगळा गहू सारखा नाही उठत, कुठं लवकर, कुठं उशिरा. त्या उठन्यावरून आपन नकाशा काढाचा." मी म्हटलं, हे बेस आहे. पण काम करताना मेंदू कसा दिसते? तर म्हणाली, ओलितात ज्या वाफ्याला पाणी पाहिजे तिकडचा दांड आपण फोडतो ना, तसंच. ज्या जागेला काम पडलं तिकडे रक्त वळतं. कोणत्या वाफ्यात पाणी चाललं ते आम्ही बाहेरून पाहतो.

एवढं मला कळलं. ओलित मला कळतं.

पण त्या कामात उमर कशी जाते ते तिच्याकडे पाहून कळलं. दिवसा मशीन पेशंटसाठी, यांना मिळणार रविवारी. एखाद्यानं आत मान हलवली की तासाची मेहनत मातीत. मग जे मिळालं ते महिनोन् महिने कॉम्प्युटरवर निवडायचं, तूर निवडतो तसं. मग लिहायचं, पाठवायचं, आणि ज्याला कधी पाहिलं नाही अशा कोणीतरी ते परत पाठवायचं, की अजून चार माणसं तपासा. जर्मनीत तीन वर्षं राहिली. लग्नाचं विचारणारे विचारून थकले. परत आली तर नोकरी अशी की एक वर्ष, मग बोलावलं तर आणखी एक वर्ष. आमच्याकडे वावर मक्त्यानं करतात तसं. ती म्हणायची, "माय, एक माह्यं स्वतःचं काम पुरं झालं पाह्यजे. मंग पक्की जागा मिळंन. नाही झालं तं चाळिशीत मले कोन ठेवते?"

ते स्वतःचं काम म्हणजे तिनं लहानपणी मला विचारलेलं तेच. मोठेपणी वाचायला शिकलं तर मेंदूत काय हलतं. आणि त्यासाठी तिला पाहिजे होत्या पंचेचाळीसच्या वरच्या, कधीच शाळेत न गेलेल्या चोवीस बाया. अशा बाया बेंगळुरूला कुठून आणणार? ती घरी आली, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "माय, आता तुहं काम आहे."

मला किती आनंद झाला सांगू. इतकी वर्षं मी तिच्या शिक्षणाकडे लांबून पाहिलं होतं, डबा बांधून देण्यापलीकडे माझा हात लागला नव्हता. आता तिला मी लागणार होते.

चोवीस बाया मी आठ दिवसांत जमवल्या. पहिली माझी धाकटी जाऊ. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, शेजारच्याच खोल्यांत राहते, एका विहिरीचं पाणी, एका गोठ्यातलं दूध. मला बाई म्हणते. तिला घेतलं की बाकीच्या येणारच, कारण ती जाईल तिथं हसणं असतं. चार मुसलमान वस्तीतल्या होत्या, दोन आमच्या शेतावर निंदायला येणाऱ्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, त्या नळीत घातल्यावर जीव गुदमरला तर?

मग मी एक युक्ती केली. आमच्या माळ्यावर जुनी कणगी पडली होती, धान्य भरायची, तुराट्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली. आता ड्रम आले, कणगी कोण वापरतं. ती खाली काढली, बूड कापलं, आडवी केली, आत गोधडी टाकली. एकेकीनं आत निजायचं, मान हलवायची नाही, आणि मी बाहेरून पितळी परात बडवायची. लेकीनं मशीनचा आवाज मोबाईलवर ऐकवला होता, खामगावच्या जिनात कापसातली सरकी काढताना होतो त्याच्याही वरचा. जाऊ आत निजली तर दोन मिनिटांत कणगी हलायला लागली.

"काऊन हलते वं?"

"हसू येऊन राह्यलं बाई! तुमी परात वाजवता तं मले वाटते गिऱ्हन सुटलं."

लेकीनं याचा फोटो काढून तिच्या मोठ्या साहेबांना पाठवला. साहेबांनी उत्तर दिलं की आमच्या नकली मशीनपेक्षा हे बरं आहे. बेंगळुरूच्या लॅबमध्येही माणसांना सवय व्हावी म्हणून असंच एक खोटं मशीन ठेवतात म्हणे. त्या दिवशी मी जेवले नाही, नुसत्या आनंदानं पोट भरलं.

अकोल्याला एका सेंटरमध्ये मशीन होतं, ते तिनं चार रविवार घेतलं. दर रविवारी सहा बाया, एक जीप, दशम्या आणि ठेचा. सेंटरवर पहिलं काम कागदावर अंगठा देण्याचं, लेक शाईचं पॅड घेऊन बसायची. दुसरं काम धातू उतरवायचं. मंगळसूत्र, बांगड्या, डूल, जोडवी. जावेची जोडवी तीस वर्षं निघाली नव्हती. साबण लावला, तेल लावलं, दोन नर्सबाया खाली बसून ओढत होत्या आणि ही वरून म्हणते, "ओढा पोरींनो, नवरा नाही सुटला, जोडवी तरी सुटू द्या." आतून बाहेर आली तेव्हा मी विचारलं कसं वाटलं. म्हणाली, "सासूबाईपरस जास्त बोलते, पन मारत नाही."

सगळ्या चोवीस जणींचे पहिले फोटो नीट झाले. एकीनंही मान हलवली नाही. लेक म्हणाली, माय, असं तर जर्मनीतही झालं नाही.

मग वाटणी झाली. बारा जणींना सहा महिने वाचायला शिकवायचं, त्यासाठी तिनं एक बाई ठेवली होती, मेरा गावातली डी.एड. झालेली पोरगी. बाकी बारा जणींनी थांबायचं. सहा महिन्यांनी सगळ्यांचे फोटो परत काढायचे, आणि मग थांबलेल्यांना शिकवायचं. कोण कुठं ते कॉम्प्युटरनं ठरवलं. यादी वाचली तशी समाजमंदिरात कालवा झाला. "कॉम्प्युटर कोनाच्या घरचा आहे वं? त्याले काय ठाऊक मी हुशार का ढ?" जाऊ थांबणाऱ्यांत आली. तिनं पदर नीट केला.

लेकीनं मला बाजूला घेतलं. "माय, या बारा जणींले सहा महिने कोनी काही शिकवाचं नाही. नंतर शिकवू. ध्यानात ठेव." मी म्हटलं, हाव. आणि मला काय कळलं, तर मास्तरीण एक, खोली एक, चोवीस जणी मावणार नाहीत म्हणून निम्म्या आधी आणि निम्म्या मागून. पहिली पंगत, दुसरी पंगत. यापलीकडे काही असेल हे माझ्या मनाला शिवलं नाही. ती अकोल्याची गाडी पकडायच्या घाईत होती. मीही खोदून विचारलं नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, पहिली पंगत बसली की दुसऱ्या पंगतीच्या बायांना नुसतं उभं ठेवत नाहीत. त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतात, बुंदी म्हणा, भजं म्हणा. रिकाम्या तोंडानं दुसऱ्याचं जेवण पाहायला लावणं हे पाप समजतात. आणि इथं तर कुठं कुठं एकाच घरातल्या दोघी होत्या, एक शिकणारी, एक थांबणारी. दोन सवती नांदाव्यात तसं झालं. शिकणारी वाटेनं पाट्या वाचत जायची, थांबणारी मागून टोपलं घेऊन. जाऊ रोज दुपारी माझ्या ओसरीवर यायची, डाळ निवडत बसायची, काही मागायची नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "बाई, माह्यं नाव कसं दिसते, तेवढं दाखवा नं."

तेवढंच.

मी ओलं बोट फरशीवर फिरवून तिचं नाव लिहिलं. ते वाळेपर्यंत ती पाहत राहिली. वाळलं तशी म्हणाली, "गेलं की हो. अजून एकडाव."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, चौथ्या दिवशी पाच. महिन्याच्या आत बाराही. मी बियाण्याच्या पिशव्या काढल्या, कॅलेंडरची पानं काढली, औषधांची खोकी. मास्तरीण वर्ग झाला की लगेच गाडीनं परत जायची, तिला याचा पत्ता नव्हता. ती कसं शिकवते ते मला ठाऊक नव्हतं, मी माझ्या पद्धतीनं शिकवलं. भाकरीचा 'भ', मिठाचा 'म'. मुसलमान वस्तीतली एक होती, तिला वाटायचं तिच्यानं मराठी होणार नाही, ती सगळ्यांत पुढे निघाली. आमच्या ताईचे वडील दारातून जाता-येता म्हणायचे, "एक मास्तरीन सरकारी, एक दरबारी." पण चहा तेच टाकायचे सगळ्यांना. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले पाच महिने होते ते, खोटं कशाला बोलू.

आणि दुसरंही खोटं बोलत नाही. एकदा मनात आलं होतं. लेक दर रविवारी फोन करायची, विचारायची थांबणाऱ्या जणी बऱ्या आहेत ना, कंटाळल्या तर नाहीत. एका रविवारी माझ्या ओठावर आलं, की अगं, मी शिकवते त्यांना. मग वाटलं, ती म्हणेल नको. का म्हणेल ते माहीत नव्हतं, पण म्हणेल असं वाटलं. आणि ती नको म्हणाली असती तर जावेला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? म्हणून मी बोलले नाही. स्वतःला समजावलं की अचानक दाखवू, खूश होईल. हे समजावणं खोटं होतं की खरं, आजही मला सांगता येत नाही.

दुसऱ्या फेरीचा पहिला रविवार आला. त्या जीपमध्ये पाच थांबणाऱ्या होत्या आणि एक शिकलेली. जावेनं नवं लुगडं नेसलं होतं. सेंटरवर लेकीनं कागद आणि शाईचं पॅड पुढे केलं. जाऊ म्हणाली, "पॅड ठेव बाजूले ताई, पेन दे."

लेक हसली. सही पुष्कळ बाया नुसती गिरवून शिकतात, ते चालतं, असं ती मागाहून मला म्हणाली. जावेनं सही केली. मागच्या दोघींनीही पेन मागितला. लेक तरी हसतच होती. मग जावेनं मान वर केली. समोर मशीनच्या दारावर मोठी सूचना लावली होती. ती तिनं बोट फिरवत, मोठ्यानं, थांबत थांबत वाचली.

"दा-गि-ने का-ढू-न ठे-वा-वे-त. लो-खं-डी व-स्तू आत ने-ऊ न-ये-त." आणि मग खाली पाहून, "हे पाह्य, आता माह्ये जोडवे काहाडाले कोनी नको, म्या घरूनच काहाडून आनले."

सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या. मी लेकीच्या तोंडाकडे पाहत होते. हसू तसंच राहिलं होतं, पण आतून कोणीतरी दिवा काढून नेल्यासारखं.

"काकू," ती म्हणाली, "हे कोनी शिकवलं?"

पाचही जणींनी माझ्याकडे बोट केलं. "तुह्या मायनं! बाराही जनीले!"

लेकीनं पॅड मिटलं, पिशवीत ठेवलं. मग एकेकीला नावानं बोलावून आत नेलं, सहाही जणींचे फोटो काढले, प्रत्येकीला विचारलं थंडी वाजते का, कानात बोळे नीट बसले का. मशीन घेतलेलं होतं, बाया आलेल्या होत्या. दुपारपर्यंत तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर सेंटरसमोरच्या चहाच्या टपरीवर मला बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माय, तू वावरात नवं खत टाकते, तं अर्धं वावर बिनखताचं काऊन ठेवते?"

"कळाले पाह्यजे ना, खतानं आलं का पावसानं आलं."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले, आणि बोलता बोलता मला कळलं. चहाचा कप हातातच राहिला. ते अर्धं वावर म्हणजे माझ्या ओसरीवर बसलेल्या बारा बाया. त्यांना तिनं मागे ठेवलं नव्हतं. तिला त्या तशाच पाहिजे होत्या, सहा महिने, कोरड्या.

"आता तुलना कशाशी करू मी?" ती म्हणाली. "सहा महिन्यांत मेंदूत जे बदललं ते वाचन्यानं बदललं का वयानं, का मशीन दुसऱ्यांदा पाह्यलं म्हनून, हे सांगाले माह्यापाशी कोनीच नाही उरलं."

मी म्हटलं, "दुसऱ्या बाया आनतो. उद्याच निघतो. अमडापूरकडं जातो."

"पहिले फोटो कुठून आनू त्यायचे? सहा महिन्यांआधीचे?"

मग मी एक बोलले, ते मला लिहायला लाज वाटते, पण बोलले. म्हटलं, "मंग कोनाले सांगू नको ना. बाया काही बोलनार नाहीत. मी सांगून ठेवतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिला एक पेन्सिल परत द्यायला वर्गातल्या मुलीच्या घरी पायी पाठवलं होतं, अशा घरात ती वाढली होती. "खोटं लिहू, माय?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली.

उरलेले तीन रविवार तिनं बाकीच्यांचेही फोटो काढले. बायांना काही सांगितलं नाही. त्यांच्या आनंदावर पाणी नको म्हणाली. पण गावात काय लपतं? त्या डी.एड.वाल्या पोरीनं एकीला सांगितलं, एकीनं दुसरीला, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं की आपण शिकलो म्हणून ताईचं काम बुडालं.

मी मोठ्या साहेबांना फोन केला. नंबर लेकीच्या वहीतून उतरवून घेतला होता. हिंदी मनात चार वेळा घोकली. तरी फोन उचलल्यावर पहिलं वाक्य मराठीतच आलं. मग सावरलं. "साब, गलती मेरी है. लडकी को कुछ मालूम नहीं था. उसको सजा मत दो."

साहेब फार भले माणूस. "माँजी, सजा कैसी? आपने तो अच्छा ही काम किया. बारह औरतों को पढ़ाया."

"फिर वो काम पूरा समझो ना साब."

साहेब म्हणाले, "माँजी, वो मेरे हाथ में नहीं है."

मी विचारलं किसके हाथ में है. ते म्हणाले, किसी के नहीं. आणि मला आतापर्यंत ज्यानं ज्यानं नाही म्हटलं त्या सगळ्यांचा राग आला होता, तलाठ्याचा, कारकुनाचा, कंडक्टरचा. या माणसाचा राग येईना. राग आला असता तर धरायला काहीतरी झालं असतं. मी फोन ठेवला.

लेकीनं सगळं खरं लिहिलं. काम कुठं मोडलं, का मोडलं, तेही लिहिलं. "घरच्या माणसाले नीट समजावून सांगितलं नाही, ही माह्यी चूक," असं ती मला म्हणाली, आणि अहवालातही तिनं चूक स्वतःवरच घेतली. माझं नाव कुठंच नाही. वर्ष संपलं तसं पुढचं वर्ष दिलं नाही. आता ती मशीन बसवणाऱ्या एका कंपनीत आहे. आज रायपूर, उद्या विजयवाडा. नव्या दवाखान्यात मशीन आलं की तिथल्या पोरांना ते चालवायला शिकवते. बरं काम आहे, म्हणते. मेंदूचं काय, विचारलं तर म्हणते, चालू आहेत दुसऱ्या कोणाचे कामं, होईल कोणाकडून तरी. माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते. जेवली का, गुडघा कसा आहे. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मी काढला तर हलकेच दुसरीकडे वळवते, जसं लेकराच्या हातून विळा काढून घ्यावा.

आणि मी काय करू? माफी मागून झाली. उपास धरून झाला. त्या गोष्टीच्या बदल्यात तिला फेडून द्यावी अशी काही वस्तू माझ्या घरात नाही.

जावेचं मला दोन महिने कळलंच नाही. ती यायची बंद झाली होती. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, येईल. मग तिच्या सुनेनं सांगितलं की सासूबाईनं कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं आहे, आणि मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. मी गेले. चुलीपाशी बसली होती.

"काय करून राह्यली तू हे?"

"इसरून राह्यली," म्हणाली. "सहा महिने लागले शिकाले, तं सहा महिन्यांत इसरून होईन. मंग ताईले म्हना, आता घे फोटो. आमी बाराजनींनं ठरवलं. पन त्या रांडा चोरून वाचतात, मले ठाऊक आहे."

हसू दाबत मी म्हटलं, "अवं, असं नाही होत."

"काऊन नाही होत? म्या माह्येरचं गानं इसरलं, पहिल्या लेकराचा चेहरा इसरली. हे काय मोठं?" मग हात पुसत म्हणाली, "खरं सांगू का बाई, नाही होऊन राह्यलं. परवा खामगावले गेल्ती. बसमंधी डोये लावून बसली. पन उतराच्या येळी उघडाच लागते ना. उघडले का वाचल्याच जाते. 'तिकीट विचारून घ्या.' म्या नाही वाचलं, थे आपोआपच आत घुसलं."

त्या रविवारी मी लेकीला हे सांगितलं. तिचा आवाज एकदम बदलला, असा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"कोनी सांगितलं काकूले असं कराले?"

"कोनी नाही."

"तिले म्हन, नको करू. वाच म्हन. माह्यी शपथ घाल." आणि मग घाईनं, "माय, ठेवतो, आत जाचं आहे."

मी तशीच उठून जावेकडे गेले. सगळं सांगितलं, शपथही घातली. तिनं ऐकून घेतलं. कॅलेंडर तसंच उलटं टांगलेलं होतं.

"ताई खरंच असं म्हनली," तिनं विचारलं, "का माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून तुमीच सांगता?"

मी म्हटलं, थांब, तिच्याच तोंडून ऐक. आणि फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. ती मशीनच्या खोलीत गेली असणार, तिथं फोन नेत नाहीत, बाहेर ठेवावा लागतो. जाऊ माझ्या हाताकडे पाहत चुलीपाशी बसली होती, आणि मी फोन कानाला लावून तिच्यासमोर उभी.